खोली समुद्राच्या बाजूची

लिफ्टमध्ये माणूस भेटला की बस्त्यावभाऊ विचारत, "प्रवास सुखाचा झाला ना?" आता तो बिचारा चौथ्या मजल्यावरून दूध आणायला निघालेला, त्याचा कसला प्रवास? बरं, विचारायचं तेही स्पॅनिशमध्ये. मस्कतच्या बौशर भागातल्या आमच्या बिल्डिंगीत केरळी होते, गुजराती होते, पाकिस्तानी होते. स्पॅनिशवाला औषधालाही नव्हता.

बस्त्यावभाऊ मूळचे वसईचे. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. बायको देवाघरी गेलेली. मुलगी रोझी नर्स होऊन स्पेनला गेली, ती लग्न करून तिथलीच झाली. तिची मुलगी लुसिया चार वर्षांची, तिला ना मराठी ना इंग्रजी. दर शुक्रवारी दुपारी फोन यायचा. रोझी बोलून झाली की म्हणायची, "पप्पा, लुसियाला देते हां." की तिकडे सामसूम.

"नुसता श्वास ऐकू येतो, वैनी," भाऊ सांगायचे. "माझी नात माझ्याशी श्वास घेते. बोलत नाय."

म्हणून पन्नाशी उलटल्यावर हा माणूस स्पॅनिश शिकायला बसला. मास्तर कोण, तर हॉटेलने टाकून दिलेली कॅसेट, रिसेप्शनवरच्या पोरांसाठी आणलेली. जेवलीस का, खेळायला येतेस का, असलं काही त्या कॅसेटला ठाऊकच नाही. 'नाश्ता सात ते दहा', 'खोली समुद्राच्या बाजूची देऊ की डोंगराच्या?' हे मात्र भाऊंना तोंडपाठ. आमचे हे जिन्यात दिसले की त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेऊन, 'सामान वर पाठवतो' असं काहीतरी म्हणत भाऊ पुढे. ह्यांना भाषा कळत नसे, पण पिशवी गेलेली आवडत असे.

आणखी एक खोड. एकट्याला दोन खोल्या कशाला, आतली एखाद्या बॅचलरला द्या की, असं सगळे सांगत. भाऊंचं उत्तर ठरलेलं. "ती खोली बुक आहे. खलास."

त्या हिवाळ्यात मस्कतच्या बागेत जत्रा भरली आणि तिथे स्पेनचे कसरतवाले आले. गावोगाव रस्त्यावर खेळ करत हिंडणारी माणसं. भाऊंनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, टाय लावला आणि आम्हा दोघांना गाडीत घातलं.

"आज कळेल कॅसेट खरी की खोटी," ते म्हणाले. "त्यांना माझं बोलणं नाय समजलं तर नातीशी बोलायचा नाद सोडला."

बागेत पायांना उंच काठ्या बांधलेली, लाल नाक लावलेली एक बाई चालत होती. पिलार तिचं नाव, ते नंतर कळलं. भाऊ तिच्यासमोर गेले, मान वर केली आणि घडाघडा स्पॅनिशमध्ये म्हणाले, स्वागत असो, प्रवास सुखाचा झाला ना?

बाई थबकली. वाकून खाली उभ्या माणसाचा तो टाय बघितला. मग कमरेवर हात ठेवून फणकारली. काय फणकारली ते भाऊंनी मागाहून सांगितलं: प्रवास अगदी वाईट झाला, सामान हरवलं आणि खोलीत उंदीर आहे.

भाऊंचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. तक्रारींचा धडा त्यांचा सगळ्यात पक्का. त्यांनी कमरेत वाकून हॉटेलतर्फे दिलगिरी व्यक्त केली. भोवती गर्दी जमली. ओमानी बायका, पोरंबाळं, सगळ्यांना वाटलं हाच खेळ. टाळ्या पडल्या.

"समजलं, वैनी," भाऊ घाम पुसत म्हणाले. "उंदरापर्यंत समजलं."

ज्याच्याशी चार शब्द बोललो त्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, ही त्यांची वसईची रीत. शुक्रवारी भाऊ चर्चमधली मिसा आटोपून आले, तर दारात पिलार आणि तिचे दोन सोबती हजर. कोंबडीचं आंबट-तिखट इंद्याल भाऊंनी पहाटे उठून केलेलं, सोलकढी माझी. ती मंडळी सोलकढी बघून आधी बिचकली, मग वाट्या चाटल्या.

तेवढ्यात फोन वाजला. रोझी बोलली, लुसियाला दिला. आणि सगळी दिलगिरी, सगळे उंदीर विसरून भाऊ रिसीव्हर धरून गप्प. तिकडे श्वास, इकडे श्वास. मलाच धाप लागली.

पिलार उठली. तिने टेबलावरचा नॅपकिन घेऊन भाऊंच्या हातावर टाकला, वेटरच्या हातावर असतो तसा. भाऊ आपोआप ताठ झाले. अगदी अदबीने विचारलं, "बाईसाहेब, स्वागत आहे. खोली समुद्राच्या बाजूची देऊ की डोंगराच्या?"

आम्ही कोणी घास चावेना.

"आल मार," रिसीव्हरमधून बारीक आवाज आला. समुद्राच्या.

मग ती थांबेचना. सामान म्हणून एक बाहुली आहे, ती वर पाठवा. नाश्ता बाहुलीलाही हवा. भाऊ "सी, सी", म्हणजे हो हो, करत नॅपकिनने नाक पुसत होते. बिलाची काळजी करून शेवटी रोझीनेच फोन काढून घेतला.

कसरतवाले गेले पुढच्या गावाला. शुक्रवारचं हॉटेल मात्र चालू राहिलं.

काही महिन्यांनी मी भाऊंकडे अळूवड्या घेऊन गेले, तर आतल्या खोलीचं दार उघडं. छोटासा पलंग, सुरकुती नसलेली चादर, तिच्यावर हॉटेलात घडी घालतात तसं टॉवेलचं बदक. त्या खिडकीतून आमचा तो उघडाबोडका डोंगर आणि पाण्याची टाकी दिसायची. आता काचेवर कॅलेंडरची पानं चिकटवली होती. सगळी समुद्राची, इथल्या सूर बंदरातली गलबतंसुद्धा होती त्यात.

"रोझी यायचं म्हणते कधी?" मी विचारलं.

"बघू. सुट्टी नाय मिळत तिला." भाऊंनी बदकाची मान जरा सरळ केली. "पण गिऱ्हाइकाला समुद्र सांगितलाय, वैनी. आल्यावर डोंगर दाखवायचा का?"