ओ न देणारं कुत्रं

फिटरच्या कुत्र्याला पुढचे सगळे गिअर होते, ब्रेक तेवढा नव्हता. घरापासून जंगलाच्या फाटकापर्यंत ते पट्टा ओढत फिटरला असं न्यायचं, की बघणाऱ्याला प्रश्न पडावा, कोण कोणाला फिरवतंय. फाटकाशी आलं की मात्र बूड टेकून बसायचं. पट्टा सोडा, तरच पुढे. फिटरनं ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं, बिस्कीट दाखवून पाहिलं. बंद पडलेली बससुद्धा चार माणसांनी धक्का मारला की हलते, हे हलेना. शेवटी तो कंटाळून पट्टा सोडायचा, कुत्रं झाडांत गडप व्हायचं आणि मग हाका सुरू व्हायच्या.

हाका मारायला नाव होतं. मुलानं मोठं रुबाबदार ठेवलं होतं, एखाद्या फौजेच्या सरदाराला शोभेलसं. फिटर ते नाव घेऊन घसा फुटेस्तोवर ओरडायचा. फांदीवरची पाखरं उडायची, येणारे-जाणारे थबकायचे, पण ज्याचं नाव त्याला पत्ता नसायचा. भूक लागली की ते आपल्या सवडीनं यायचं, आणि एवढा काय आरडाओरडा लावलाय, अशा नजरेनं फिटरकडे बघायचं.

कुत्रं खरं म्हणजे त्याच्या बायकोचं. फिटरचा सगळा जन्म बसगाड्यांच्या डेपोत गेला, त्यातही बहुतेक सेकंड शिफ्टला. रात्री उशिरा यायचं, सकाळी उशिरा उठायचं. तो अंथरुणात असतानाच बायको कुत्र्याला घेऊन जंगल फिरून यायची आणि चहा ठेवता ठेवता सांगत बसायची. ओढ्याकाठचं झाड आज पिवळं पडायला लागलं. वाकड्या खोडाच्या झाडाला पालवी फुटली, अगदी तान्ह्या बाळाच्या तळव्याच्या रंगाची. फिटर उशीत तोंड खुपसून ‘हं’ म्हणायचा. निवृत्त झाल्यावर तोही कधीमधी बरोबर जायला लागला. बायको पायवाटेवरून ‘अहोऽ’ अशी हाक मारायची आणि तो, गुडघे कुरकुरत असले तरी, लगबगीनं तिच्याकडे जायचा. या वयातही बायको इतक्या गोड गळ्यानं बोलावते म्हणून मनातल्या मनात फुशारायचा. तो पोचेपर्यंत कुत्रं तिच्या पायाशी हजर असायचं. आपण निघालो म्हणून तेही निघत असेल, असं त्याला वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात बायको आजारी पडली आणि पाऊस उघडायच्या आत गेली. कपाट सुनेनं आवरलं, औषधं मुलानं परत केली. कुत्र्याला फिरवणं फिटरच्या वाट्याला आलं. पहिल्या दिवशी तो नाइलाजानं गेला. ओढ्याकाठचं झाड खरंच पिवळं पडायला लागलं होतं. तो बराच वेळ त्याच्याखाली उभा राहिला. सांगायचं कोणाला, हे काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कोणी आठवण करून द्यावी लागली नाही. चपला घालून तो कुत्र्याच्या आधी दारात उभा.

जंगलावर एक गार्ड होता. माणूस सरळ, पण नियमाचा पक्का. पानगळीच्या दिवसांत कुत्र्यानं एका कुटुंबाचा उघडा डबा चाटून पुसून स्वच्छ केला आणि तक्रार गार्डकडे गेली. त्यानं फिटरला अडवून विचारलं, कुत्रं हाकेला येत कसं नाही? फिटर म्हणाला, खाली पानांचा एवढा थर, पळताना त्याच्याच पायांचा आवाज होतो, त्यात माझी हाक ऐकू जाईल कशी? गार्डला पटलं.

थंडीत धुकं पडलं. कुत्रं दिसेना, म्हणून फिटर शोधत शोधत गार्डच्या खोपटापर्यंत गेला. कुत्रं गार्डच्या खाटेवर, गार्डच्या घोंगडीत, गार्डच्या उशीवर डोकं ठेवून झोपलेलं. गार्ड बाहेर स्टुलावर कुडकुडत बसला होता, कारण आत जायला लागला की ते गुरगुरायचं. फिटर म्हणाला, धुक्यात हाक भिजते साहेब, लांब जात नाही. गार्डनं त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

मग झाडं फुलली. कुत्र्यानं गवतातल्या पाखरांची घरटी हुंगायला सुरुवात केली. अंडी फुटली नाहीत एवढंच नशीब. फिटर सांगायला गेला की फुलांच्या वासानं त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. गार्डनं हात वर केला.

“काका, आधी पानं झाली, मग धुकं झालं, आता फुलं. उन्हाळ्याचं काय ठरवून ठेवलंय तेही सांगून टाका, म्हणजे माझी खेप वाचेल.”

उन्हाळ्याचं फिटरनं खरंच अजून ठरवलं नव्हतं.

गार्ड म्हणाला, येत्या रविवारी इथं फाटकाशी या. माझ्यासमोर कुत्रं सोडा आणि हाक मारा. आलं तर खुशाल फिरवा. नाही आलं, तर त्यानंतर फाटकाच्या आत त्याचा पंजा पडता कामा नये.

घरी मुलानं हे ऐकलं आणि तो सुटल्यासारखा बोलायला लागला. त्याच्या ओळखीच्या एकाचं गोदाम होतं, त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. साखळीला बांधून ठेवतील, पण वेळेवर खायला घालतील. बाबांचेही खांदे उखडायचे वाचतील. फिटर जेवणावरून उठला. मुलाला वाटलं, बाबांना पटलं. सुनेला वाटलं, पोट भरलं. कुत्रं तेवढं त्याच्या मागोमाग अंगणात गेलं आणि त्याच्या पायावर हनुवटी टेकून पडलं. त्याला गोदामाचं काही कळलं नव्हतं. सकाळी जंगलात जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ते गेलं तर आपण तरी कशाच्या निमित्तानं त्या झाडांखाली जायचं, हे फिटरच्या डोक्यात होतं.

त्यानं शिकवणी सुरू केली. शिट्टी मारली, कवळी सैल असल्यानं नुसती हवा आली. पाना घेऊन पाण्याच्या नळावर टणटण वाजवलं; कुत्रं आलं नाही, वरच्या मजल्यावरची बाई मात्र आली, पाणी गेलं का विचारायला. नातेवाइकांकडे फोनवर चौकशी केली, तर प्रत्येकानं वेगळा उपाय सांगितला आणि शेवटी सगळ्यांनी तेच विचारलं, कानांत मळ तर नाही ना? फिटरनं डोळ्यांवर चष्मा चढवून, बॅटरी धरून कुत्र्याचे कान तपासले. कान स्वच्छ. मग कुत्र्यानं त्याचे चाटले.

शनिवारी सकाळी तो कुत्र्याला घेऊन जंगलात गेला. फाटकाशी पट्टा सुटला, कुत्रं नाहीसं झालं. फिटर दगडावर बसला. समोरच्या वाटेनं एक जोडपं येत होतं. दोघंही अंगानं भरलेली, डॉक्टरांनी चालायला सांगितलेली. नवरा पुढे तरातरा, बायको मागे. तिच्या चपलेचा अंगठा तुटला. ती थांबली आणि तिनं हाक मारली, “अहोऽ!”

नवरा चालतच राहिला. पण डावीकडची झुडपं हलली, वाळकी पानं उधळली, आणि फिटरचं कुत्रं बाणासारखं आलं, नवऱ्याच्या दोन पायांमधून निघालं, त्याला वाटेवर बसवलं आणि जाऊन त्या बाईसमोर शेपटी हलवत उभं राहिलं.

बाई आधी घाबरली, मग हसायला लागली. खाली बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, “बघा, शिका जरा. कुत्र्याला कळतं, तुम्हाला नाही.”

फिटर उठून धावत आला. माफी मागायची सोडून तो बाईला म्हणाला, “ताई, परत एकदा म्हणा ना.”

“काय म्हणू?”

“तेच. अहो. पण असंच, लांब ओढून.”

नवरा पँट झटकत उभा राहिला. “ओ काका, तुम्ही माझ्या बायकोला अहो म्हणायला लावताय? तेही माझ्यासमोर?”

फिटर परोपरीनं सांगू लागला की तुम्हाला नव्हे, मला नव्हे, कुत्र्याला. त्यानं नवरा जास्तच भडकला. बायकोला मात्र गंमत वाटली. फिटरनं कुत्र्याला लांब पिटाळलं, तिनं पुन्हा ‘अहोऽ’ म्हटलं, कुत्रं पुन्हा हजर. नवरा म्हणाला, आता घरी चल. ती म्हणाली, बघा, तुम्ही माझ्या हाकेला कधी असे धावत आला होतात का? त्यावरून त्यांचं जुंपलं, आणि फिटर पट्टा लावून हळूच निघाला.

घरी सून भांडी घासत होती. त्यानं जे घडलं ते सांगितलं. सुनेचे हात थांबले.

“बाबा, तुम्हाला माहीतच नाही?” ती म्हणाली. “तुम्ही सेकंड शिफ्टला असायचात. मी नवीनच आले होते घरात. संध्याकाळी आई आणि मी दोघीच. कोणी अनोळखी माणूस दार वाजवायचा, की आई आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायच्या, अहोऽ, बघा हो, दारात कोण आलंय. घरात पुरुष माणूस आहे असं वाटावं म्हणून. आत कोण असणार? हे एवढंसं पिल्लू. ते आपलं धावत यायचं आणि भुंकायचं. त्याला वाटलं, आपलंच नाव ते. मग आईंनीही तेच चालू ठेवलं. मारक्या नावापेक्षा हे बरं, म्हणायच्या.”

फिटर खुर्चीत बसला. जंगलातल्या त्या सगळ्या हाका त्याला एकेक आठवायला लागल्या. अहोऽ, दमलात का? अहोऽ, किती लांब गेलात, या बघू. अहोऽ, पाणी पिता का? गुडघे दुखत असताना आपण लगबगीनं गेलो होतो. त्यातल्या आपल्या किती आणि याच्या किती, हे आता कोण सांगणार?

“म्हणजे इतकी वर्षं माझी शिफ्ट हा करत होता,” तो म्हणाला, आणि कुत्र्याकडे बघितलं. डेपोत बदली कामगाराला निदान चहा पाजायची पद्धत होती. त्यानं उठून स्वतःच्या वाटणीचं दूध त्याच्या ताटलीत ओतलं.

आता गुपित हाती आलं, पण खरी अडचण पुढेच होती. फिटरला ते जमेना. उभ्या आयुष्यात तो ‘अगं’ म्हणणारा माणूस. ‘अहो’ही म्हणायचा, पण ते कंडक्टरला दरडावताना म्हणतात तसलं, आखूड आणि खडबडीत. त्याच्याकडे कुत्रं ढुंकून बघेना. तिचं लांब होतं, शेवटाला जरा वर उचललेलं. न्हाणीघरात दार लावून तो सराव करायला लागला. बाहेरून मुलगा सुनेला म्हणाला, बाबा आत कोणाशी बोलतायत? सून म्हणाली, तुम्ही तुमचं बघा.

रविवारी फाटकाशी गार्ड उभा होता. मुलगा आला होता, खिशात गोदामवाल्याचा फोन नंबर घेऊन. कालचं जोडपंही आलं होतं. बाई मुद्दाम नवऱ्याला ओढून घेऊन आली होती. ऊन चढायला लागलं होतं, झाडांखाली वाळलेल्या गवताचा वास भरला होता. फिटरनं पट्टा सोडला. कुत्रं ओढ्याच्या दिशेनं गेलं आणि दिसेनासं झालं.

“मारा हाक,” गार्ड म्हणाला.

फिटरनं आधी सरदारी नाव घेतलं. उगाच, लाजेखातर. काही हललं नाही. मुलानं खिशात हात घातला.

मग फिटरनं सगळ्यांकडे पाठ केली, एका झाडाच्या खोडाला हात टेकला, डोळे मिटले आणि आवाज बारीक करून म्हणाला, “अहोऽ.”

“आलो, आलो,” झाडांआडून कोणीतरी ओरडलं. लाकडं गोळा करणारा एक म्हातारा हातातली मोळी टाकून बाहेर आला आणि आपली बायको कुठे दिसेना म्हणून गोंधळून उभा राहिला. कालचा नवरा दोन पावलं पुढे सरकला, मग ओशाळून मागे झाला. गार्डसुद्धा अर्धा वळला होता. तसं काही नाहीच, असं दाखवत त्यानं टोपी सारखी केली. कुत्रं तेवढं आलं नाही.

“बाबा, बास आता,” मुलगा हळूच म्हणाला. “चला घरी.”

फिटर हलला नाही. त्याला वाटलं, आवाज जमला, पण काहीतरी राहिलंय. ती नुसती हाक मारत नसे, काम सांगत असे. संध्याकाळची वेळ, घरात दोघीच, दारावर थाप, आणि आपण तिकडे डेपोत गाडीखाली पालथे पडलेलो. तिला भीती वाटत असेल आणि ती दाखवायची नसेल, तर ती कसं म्हणेल? त्यानं तसं म्हटलं. लांब, आर्जवानं, आणि घरात कोणीतरी आहे अशा भरवशानं.

“अहोऽ, बघा हो, दारात कोण आलंय!”

कोणी हसलं नाही. मुलगा फोन नंबरचा कागद हातात धरून बापाकडे बघत राहिला. त्यानं हा आवाज ओळखला होता.

ओढ्याकडून गवत सळसळलं. कुत्रं पाण्यानं निथळत, जीभ काढून, वारा प्यायल्यासारखं आलं. फिटरच्या पुढ्यात येऊन आडवं उभं राहिलं, दारात कोण आलंय ते त्यानं बघितलं, आणि गार्डवर असं भुंकायला लागलं की गार्ड मागे सरकत सरकत फाटकाच्या बाहेर गेला.

“पटलं, पटलं,” तो गजाच्या पलीकडून म्हणाला. “येतंय हाकेला. घ्या आवरा त्याला.”

फिटरनं पाठीवर हात ठेवला तसं कुत्रं शांत झालं. मुलानं कागदाची गोळी केली आणि खाली टाकणार तोच गार्डचं लक्ष आहे हे बघून परत खिशात घातली. बाई नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलली, आणि नवऱ्यानं, काय आश्चर्य, तिची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

गार्डनं फाटक उघडून पुन्हा आत पाऊल टाकलं, जरा जपूनच. म्हणाला, परवानगी माझी, पण इथं फिरणाऱ्या जनावराचं नाव मला ठाऊक असायला हवं. उद्या कुठं दिसलं तर मीही हाक मारीन की.

“नाव काय म्हणालात याचं?”

फिटरनं मुलाकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं. त्याचे स्वतःचे कान शेकल्यासारखे लाल झाले होते.

“नाव आहे साहेब, चांगलं मोठं आहे,” तो म्हणाला. “पण आमच्या घरात ते घेत नाहीत.”