दोन सूत्रं आणि एक कपाट

“सूत्र कोण, ते मला सांगू नकोस,” बाई म्हणाल्या. “पण ते दोन पायांवर चालतं का, एवढं तरी सांग.”

बाई म्हणजे वृत्तसंपादक. एकतीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसून लोकांच्या बातम्या तपासत आल्या होत्या आणि ‘सूत्रांनी सांगितले’ हे शब्द दिसले की त्यांची लाल पेन्सिल आपोआप उचलली जायची. समोर उभ्या असलेल्या बातमीदाराला पेपरात लागून जेमतेम आठ महिने झाले होते. तेवढ्या काळात त्याने फुटलेले नळ, बंद पडलेले दिवे आणि एक हरवलेला पोपट एवढंच काय ते उजेडात आणलं होतं. आज मात्र त्याच्या हाताला थेट पाणीपुरवठा मंत्री लागले होते.

“चालतं ना, बाई. मंत्र्यांच्या अगदी जवळचं आहे.”

“किती जवळचं?”

बातमीदाराने मनातल्या मनात मोजलं. “तीन फूट,” तो म्हणाला.

“आणि ते म्हणालं, मंत्री राजीनामा देणार?”

“तसं शब्दांत नाही म्हणालं. पण मंत्र्यांच्या बंगल्यावर सामान खोक्यांत भरलं जातंय. गेले चार दिवस. गुपचूप. बंगला सरकारी. मग खोकी कशाला भरतील, तुम्हीच सांगा!”

“मला विचारू नकोस, मी सूत्र नाही,” बाई म्हणाल्या. “एका सूत्रावर मी तुझा पोपटसुद्धा छापला नव्हता. दोन पाहिजेत. एकाने दुसऱ्याकडून ऐकलेलं नको.”

“दुसरंही आहे, बाई. त्याचंही तेच मत आहे, साहेब घर सोडतायत.”

“दोघं आपसात बोलत तर नाहीत?”

“छे! तीन दिवस झाले, एक शब्द नाही.”

ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी होती. पहिलं सूत्र म्हणजे त्याचे मामा, मंत्र्यांचे ड्रायव्हर. दुसरं सूत्र म्हणजे त्याची मामी. आणि गेल्या शुक्रवारपासून त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं.

भांडण एका कपाटावरून झालं होतं. मंत्र्यांच्या अभ्यासिकेतली पुस्तकं खोक्यांत गेली, तसं तिथलं एक लाकडी कपाट मागच्या दाराशी येऊन पडलं. मामांनी मंत्र्यांच्या पत्नीला, बाईसाहेबांना, विचारलं, “मी नेऊ का?” त्या जरा गडबडल्या, मग “न्या बापडे, पण गाजावाजा नको” म्हणाल्या. मामांनी ते टेम्पोत घालून घरी आणलं आणि पुढच्या खोलीत उभं केलं. त्यामुळे खिडकी अर्धी झाकली गेली आणि मामीचं तोंड पूर्ण बंद झालं.

रविवारी भाचा नेहमीसारखा जेवायला गेला, तर घरात ही तऱ्हा. शिक्षणासाठी तो या शहरात आला तो याच घरात सहा वर्षं राहिला होता. नोकरी लागल्यावर त्याने वेगळी खोली घेतली, पण रविवारचं जेवण इथेच. जेवताना मामा आठवड्याभरातल्या गमती सांगायचे. साहेब गाडीत भाषणाची तालीम कशी करतात, टाळ्यांसाठी मध्येच कसे थांबतात, आणि आपण आरशात न बघता हसू कसं दाबतो. मामांच्या पोटात एकोणीस वर्षांच्या गोष्टी होत्या आणि त्या या टेबलाबाहेर कधी गेल्या नव्हत्या. साहेब मंत्री होण्याआधीपासून मामा त्यांची गाडी चालवत होते. साहेब मागे बसून फोनवर काहीही बोलायचे. पुढे बसलेल्या माणसाला कान आहेत, ही गोष्ट ते सुखाने विसरले होते. मामांना या विसरण्याचा फार अभिमान होता.

त्या रविवारी मामांनी खोक्यांची गोष्ट सांगितली. ते हात धुवायला उठल्यावर मामी हळूच म्हणाली, “एवढं चांगलं कपाट कोण देऊन टाकतं रे? घर सोडणारा माणूसच. तुझ्या मामांना सांग, साहेबांना एकदा विचारा म्हणावं. मी बोलणार नाही त्यांच्याशी.”

मामा परत आले तेव्हा भाचा रंगात आला होता. “मामा, आमच्या धंद्यात एक नियम आहे,” तो सांगत होता. “पत्रकार तुरुंगात जाईल, पण ज्याने माहिती दिली त्याचं नाव सांगणार नाही. काय वाटेल ते होवो.”

“हे चांगलं आहे,” मामा मनापासून म्हणाले. “माणसाने असंच असावं.”

खरं तर तिथेच त्याने मामांना विचारायला हवं होतं, की हे मी छापू का. विचारलं असतं तर मामांनी कानाला हात लावला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण पोपटाच्या बातमीवर आठ महिने काढलेल्या माणसाला असं विचारणं सुचत नाही.

मंगळवारी बातमी आली. तिसऱ्या पानावर, एका कॉलमात, वर बातमीदाराचं नाव. ‘पाणीपुरवठा मंत्री राजीनाम्याच्या तयारीत? अत्यंत विश्वसनीय सूत्रांची माहिती.’ प्रश्नचिन्ह बाईंनी स्वतःच्या हाताने घातलं होतं. त्यांना वाटलं, तेवढ्याने भागेल.

मामांनी सकाळी गाडी पुसता पुसता बातमी वाचली आणि ते चाट पडले. आपल्या खोक्यांची त्यांना आठवणही झाली नाही. खोकी ती काय, कुणाच्याही घरी असतात. ही तर आतली खबर! भाच्याची ओळख कुठवर पोचली आहे, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी बातमी नीट कापली आणि गाडीच्या पुढच्या कप्प्यात, आधीच्या नळांच्या आणि पोपटाच्या कात्रणांवर ठेवली.

दुपारी मंत्रालयाच्या आवारात बाकीचे ड्रायव्हर त्यांच्याभोवती जमले. “काय हो, खरं का?”

“पेपरात आलंय म्हणजे काहीतरी असणारच,” मामा गंभीरपणे म्हणाले.

तिथेच दुसऱ्या एका पेपरचा माणूस चहा पीत उभा होता. बुधवारी त्याच्या पेपरात आलं, ‘मंत्र्यांच्या निकटवर्तीयांचाही दुजोरा.’ ते वाचून बातमीदार हरखून बाईंकडे धावला. “बघा बाई, त्यांच्या सूत्रांनीही तेच सांगितलं!” आता या दोन पेपरांत मिळून सूत्रं किती, तर एक. आणि त्या एकालाही आपण सूत्र आहोत हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी मंत्र्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं, “मी कुठेही जात नाही.” गुरुवारी सगळीकडे छापून आलं की मंत्र्यांना खुलासा करावा लागला, म्हणजे पाणी मुरतंय. त्यांच्या खुर्चीसाठी इच्छुक असलेले चारजण वरच्या साहेबांना, म्हणजे मुख्यमंत्र्यांना, भेटून आले. चौघांनीही “आम्ही सहज आलो होतो” असं सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी मामीचा फोन आला.

“अरे, त्या मेल्या कपाटातून वाळवी निघाली! मागची फळी हात लावला तर भुगा. आणि तुझ्या मामांना काही कळत नाही म्हणून मीच तडक बंगल्यावर फोन केला, तर तिथली स्वयंपाकीणबाई म्हणते, सगळी अभ्यासिकाच पोखरलीय! म्हणून तर खोकी भरली. गेल्याच वर्षी सरकारी पैशाने नवं लाकूडकाम केलं होतं, म्हणून बोभाटा नको म्हणे.” मग तिचा आवाज खाली आला. “आणि ऐक. साहेबांनी तुझ्या मामांना आत बोलावलंय. खोक्यांची गोष्ट बाहेर कुणी नेली म्हणून. सेवेचे चौदा महिने राहिलेत रे त्यांचे.”

बातमीदाराने फोन ठेवला. तो बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. “बाई, खुलासा छापायला हवा. राजीनामा वगैरे काही नाही. वाळवी आहे.”

“कोण म्हणतं?”

“सूत्र.”

“कोणतं?”

“दुसरं. म्हणजे पहिल्याच्या घरातलं.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “घरातलं म्हणजे?”

“पहिले माझे मामा आहेत, बाई. ड्रायव्हर. दुसरी मामी.”

“आपसात बोलत नाहीत म्हणालास.”

“तेव्हा खरंच बोलत नव्हते.”

बाईंनी खुलाशासाठी कोरा कागद पुढे ओढला. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. “का बोलत नाहीत, हे मी विचारायला हवं होतं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “एकतीस वर्षांत इतका साधा प्रश्न सुचू नये मला.”

“मी साहेबांकडे जातो. सगळं सांगतो.”

“काय सांगशील? की तुमचा ड्रायव्हर जेवताना बोलतो? आज त्यांना नुसता संशय आहे. तू गेलास की खात्री होईल.”

शुक्रवारी सातव्या पानावर, गाद्यांच्या जाहिरातीखाली, चार ओळींचा खुलासा आला. शनिवारी बाकीच्या पेपरांनी तो उचलला. ‘वाळवीचं निमित्त पुढे करून सामान हलवलं, सूत्रांची माहिती.’ एकाने विचारलं, सरकारी पैशाचं लाकूड वर्षभरात पोखरलं कसं? आता खरंच चौकशी लागली. सोमवारी वरच्या साहेबांनी मंत्र्यांना बोलावलं आणि मंगळवारी, पहिल्या बातमीला बरोबर आठवडा झाला त्या दिवशी, मंत्र्यांनी राजीनामा दिला.

पेपरच्या मालकांनी वरच्या मजल्यावरून उतरून स्वतः बातमीदाराची पाठ थोपटली. ‘सर्वप्रथम आम्हीच सांगितले होते,’ असा मथळा पहिल्या पानावर गेला. त्याला खिडकीजवळचं टेबल मिळालं. बाईंनी अभिनंदन केलं नाही. त्यांनी फक्त जुना अंक काढून आपलं प्रश्नचिन्ह एकदा पाहिलं आणि अंक पुन्हा ठेवून दिला.

मधला रविवार त्याने कामाचं निमित्त काढून टाळला होता. या रविवारी मात्र तो जेवायला गेला. पुढच्या खोलीतलं कपाट गेलं होतं, खिडकी मोकळी झाली होती. मामा-मामी एकमेकांशी बोलत होते. मामांच्या अंगावर टँकरच्या आवारातला निळा सदरा होता. साहेबांनी आत बोलावलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते पाण्याचा टँकर चालवत होते. परत बोलावू शकले असते असे एकच साहेब होते, आणि ते आता स्वतःच घरी बसले होते.

टेबलाच्या कडेला गाडीच्या कप्प्यातून काढून आणलेलं सामान होतं. एक कंगवा, काळा चष्मा आणि कात्रणांचा गठ्ठा. सगळ्यात वर ‘अत्यंत विश्वसनीय सूत्रांची माहिती’, कडा सरळ कापलेल्या.

“मामा,” तो म्हणाला. “ते सूत्र तुम्ही होतात.”

“साहेबांनी खोकी म्हटलं तेव्हा लागला मला पत्ता,” मामा म्हणाले. “त्याआधी नाही. मला वाटायचं, तुझी कुणीतरी मोठी ओळख आहे.”

“मग माझं नाव का नाही सांगितलंत? भाच्याने परस्पर छापलं म्हणाला असतात, तर साहेबांनी कदाचित ठेवलं असतं तुम्हाला.”

“दोनदा विचारलं त्यांनी, कुणाशी बोललास. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी खोटं बोललो. आठवत नाही म्हटलं.” मामांनी पाण्याचा घोट घेतला. “तूच म्हणाला होतास ना? काय वाटेल ते होवो, नाव सांगायचं नाही.”

“तो नियम माझ्यासाठी होता, मामा.”

“असेल. मला चांगला वाटला.”

मामीने वाढलं. तिघं जेवायला बसले. दर रविवारी या वेळेला मामा सुरू व्हायचे. भाचा वाट पाहत राहिला. शेवटी त्यानेच विचारलं, “टँकरवर कसं काय चाललंय?”

“ठीक,” मामा म्हणाले.

मग मामांनी एक घास घेतला, जरा थांबले आणि मामीकडे वळून म्हणाले, “भाजीत मीठ कमी पडलंय का गं?”

मामी मीठ आणायला उठली. मामांनी भाच्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

“हे आपलं घरातलं आहे हं,” ते हळूच म्हणाले. “छापू नकोस.”