शिक्का खिशात, साहेब परदेशात

"पासपोर्ट?"

"बहिणीकडे पासपोर्ट नाही, ऑफिसर."

"जन्मदाखला?"

"होता. ज्या वादळात चर्चचं छप्पर उडालं, त्यातच तोही उडाला. छप्पर नंतर सापडलं. दाखला नाही सापडला."

"परतीचं तिकीट?"

ओबडायाने टोपी काढून डोकं खाजवलं. "ऑफिसर, माझ्या बहिणीचं घर तुमच्या ह्या खिडकीतून दिसतं. ते बघा, दोरीवर तिचा पांढरा झगा वाळतोय. तिकीट कसलं काढायचं? कुठलाही मासळीवाला तिला जाता जाता सोडेल."

कथबर्टने खिडकीकडे न बघताच उत्तर दिलं. "जे दिसतं ते परराष्ट्र आहे, मिस्टर ओबडाया. तिथे आपल्या माणसांचे कपडे वाळत असले, तरी परराष्ट्रच."

आमचं बेट ला पॉम आणि समोरचं बेलमार. मध्ये पाणी एवढंसं, की तिकडचा कोंबडा आरवला की इकडची माणसं उठतात. पण ला पॉम ग्रेनाडा देशात येतं आणि बेलमार सेंट व्हिन्सेंट देशात, त्यामुळे कायद्याने तो कोंबडा परदेशी. ओबडायाची बहीण युलाली, आम्हा सगळ्यांची टँटी म्हणजे मावशी, लग्न होऊन तिकडे गेली तेव्हा दोन्ही बेटं एकाच राणीची होती. पुढे झेंडे दोन झाले, तरी ती बारशाला, मयताला, जी होडी मिळेल तिने येत-जात राहिली. कुणी तिला काही विचारलं नाही. मग कथबर्टची नेमणूक झाली आणि विचारायला माणूस आला.

कथबर्ट आमच्याच गावात वाढलेला, पण खाकी गणवेश अंगावर चढला आणि तो आम्हाला अनोळखी झाला. धक्क्याच्या टोकाला त्याचं एका खोलीचं ऑफिस, आणि शर्टाच्या खिशात पितळी साखळीला बांधलेला देशाचा शिक्का. हा शिक्का तो ऑफिसात ठेवत नसे. चर्चला नेई, न्हाव्याकडेही नेई. तो खिशाकडे हात नेऊ लागला की धक्क्यावरची बडबड आपोआप थांबायची. एकदा एका बिशपकडे परतीचं तिकीट नव्हतं, तर कथबर्टने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. बिशपनी संध्याकाळची प्रार्थना त्याच बाकावर उरकली. देश नावाची काहीतरी प्रचंड गोष्ट असते आणि ती ह्या माणसाच्या खिशात मावते, याचं आम्हाला खरोखरच भय आणि नवल वाटायचं.

ओबडायाची अडचण मात्र साधी नव्हती. किनाऱ्यावर त्याने बांधलेली नवी बोट तयार उभी होती, आणि ती शेवटची होती. डोळ्यांवर पडदा आलेला. आता तो फळी बघून नव्हे, हाताने चाचपून बसवायचा. त्यांच्या घराण्यात बोट पाण्यात जायच्या आधी नावाच्या पाटीवरचं कापड युलालीने ओढायचं आणि रमची बाटली तिनेच फोडायची, हे बापाच्या वेळेपासून चालत आलेलं. तिचा हात न लागता पाण्यात गेलेली बोट आमच्या गावात नाही. आणि टँटी आता इतकी म्हातारी झाली होती, की पुढच्या बोटीला येईल असं म्हणायची सोय नव्हती. पुढची बोट तरी कुठे होती?

कथबर्टचं मन वळावं म्हणून ओबडायाने त्याला बोटीचा गॉडफादर, म्हणजे धर्मपिता केलं. हा आमच्याकडे फार मोठा मान. कथबर्टने ओबडायाचा हात दोन्ही हातांत धरला.

"मग युलालीला येऊ द्याल?" ओबडायाने विचारलं.

"नाही. मान मोठा आहे, पण नियम त्याहून मोठा आहे."

"मग नाव झाकलेलंच राहील."

"राहू दे. झाकलेल्या नावाविरुद्ध माझ्याकडे कलम नाही."

बोट उतरवायच्या दिवशी सगळा गाव किनाऱ्यावर लोटला. सकाळपासून ढोल वाजत होते, मोठ्या हंड्यांत बकऱ्याचं मटण शिजत होतं, फादरनी फळ्यांवर पवित्र पाणी शिंपडलं आणि त्यावर म्हाताऱ्यांनी रम शिंपडली. गॉडफादर म्हणून कथबर्ट इस्त्रीच्या गणवेशात नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, झाकलेल्या नावाशेजारी उभा राहिला. पाणी कुठून झिरपतं का ते पाहायला ओबडाया आत बसला. मग कुऱ्हाडीवाल्यांनी एकेक टेकू तोडला, बोट कुशीवर कलली, खाली ओंडके सरकवले आणि गाणं म्हणत अख्ख्या गावाने दोर ओढला.

एवढी जड बोट वाळूवरून चालू लागते ते मी लहानपणापासून बघत आलोय. अजूनही अंगावर काटा येतो. आधी ती जागची हलत नाही. वाटतं, आता कधीच हलणार नाही. मग कुठेतरी लाकूड कण्हतं, आणि ती स्वतःच्या मनाने निघते.

त्या दिवशी ती जरा जास्तच स्वतःच्या मनाने निघाली. पाण्यात शिरली, ताठ झाली आणि पुढे चालतच राहिली. तिला रोखायला मागे बदामाच्या झाडाला दोर बांधलेला होता. झाड जागेवर राहिलं, गाठ राहिली नाही. ती गाठ ओबडायाने स्वतः मारली होती, एवढंच सांगतो. बिचाऱ्याला डोळ्यांनी कमी दिसायचं.

"दोर टाका," कथबर्ट नाळेवरून ओरडला. "अरे, दोर टाका कुणीतरी!"

ढोलांच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही. साहेब हात हलवतायत म्हणून आम्हीही हलवले. शिडाशिवाय, वल्ह्याशिवाय बोट समुद्रात सरळ चाललेली पाहून बायका गुडघ्यांवर बसल्या. फादरनीही क्रूसाची खूण केली.

बोटीवर कथबर्टच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ओबडाया, सुकाणू फिरव."

"सुकाणू उद्या बसवायचंय, ऑफिसर."

"शीड?"

"ते शिवणं चाललंय."

"मला पोहता येत नाही रे."

"मग बसून घ्या. उभं राहून पोहता न येण्यापेक्षा बसून बरं." ओबडाया तळाशी कान लावून होता. "इकडे या. हात ठेवा इथे. घाबरू नका, ठेवा."

कथबर्टने फळीवर तळहात टेकला. खालून पाणी धावत होतं आणि त्याची बारीक थरथर लाकडातून त्याच्या मनगटापर्यंत आली. आत एक थेंब नव्हता. ह्या आंधळ्या म्हाताऱ्याने हे नुसतं चाचपून बांधलं, हे तेव्हा कुठे त्याला उमगलं. त्याला बराच वेळ हात उचलवला नाही.

मग त्याने मान वर केली. एवढ्या वर्षांत त्याने आपलं बेट बाहेरून कधी पाहिलंच नव्हतं. धक्का केवढासा दिसत होता, ऑफिस तर नखाएवढंही नव्हतं. आणि चहूकडे निळं पाणी, इकडून तिकडे एकसारखं, कुठे शिवण नाही की काठ नाही.

"हद्द कुठे आली?" त्याने हळूच विचारलं.

"गेली मघाच. तुम्ही शिंकलात ना, तेव्हा."

कथबर्टने खिसे चाचपले. पासपोर्ट घरी कपाटात. पाकीटही घरी. खिशात फक्त शिक्का. "म्हणजे मी देशाबाहेर आहे," तो म्हणाला, "आणि बाहेर पडल्याची नोंद नाही."

"नोंद करणारा तर तुमच्याबरोबरच होता," ओबडाया म्हणाला.

ओढ्यासारखा एक प्रवाह तिथून वाहतो. त्याने बोट नेली आणि बेलमारच्या वाळूत, टँटी युलालीच्या घरासमोर अलगद टेकवली. टँटी पहाटेपासून पांढरा झगा घालून तिथेच खुर्चीवर बसली होती, मांडीवर रमची बाटली घेऊन. ढोल तिला पलीकडून ऐकू येत होतेच. बोट आली तेव्हा तिला अजिबात नवल वाटलं नाही. नवल बाकीच्या गावाला वाटलं.

तिकडची ऑफिसर मिस ज्युवेल छत्री घेऊन लगबगीने आली. "पासपोर्ट?"

"मिस ज्युवेल, मी कथबर्ट. ट्रेनिंगला मी तुम्हाला शिकवलंय."

"तेच तर. ओळखीच्या माणसाला आधी विचारावं, असं तुम्हीच शिकवलंत. पासपोर्ट?"

"नाही."

"परतीचं तिकीट?"

"ही बोटच."

"हिला शीड नाही, सुकाणू नाही. ही परतीचं तिकीट कशी होईल, सर? बरं, बोटीचं नाव काय?"

कथबर्टने झाकलेल्या पाटीकडे पाहिलं. "अजून उघडलेलं नाही."

"नाव नसलेलं जहाज मला आत घेता येत नाही आणि परत पाठवताही येत नाही. कारण ते आलंच नाही. तुम्हीही आला नाहीत. नाव उघडल्याशिवाय वाळूवर पाय ठेवू नका."

ऊन चढलं. पाय वर घेऊन नाळेवर बसलेल्या साहेबाला पाहायला शाळा सुटली. शेवटी कथबर्टने टोपी काढली. "टँटी," तो म्हणाला, "कृपा करून तुम्ही नाव उघडता का?"

"मी?" टँटी म्हणाली. "माझ्याकडे कागद नाहीत, बाबा."

"टँटी, माझ्यावर उपकार करा."

दोघांनी धरून तिला पाण्यात आणली. गुडघ्यापर्यंत झगा भिजला. तिने आधी फळ्यांवरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसा भावाने बांधताना फिरवला असेल. मग कापड ओढलं. 'पेशन्स'. त्यांच्या आईचं नाव. बाटली फुटली, रम पाण्यात पसरली, आणि बोटीत बसलेला ओबडाया तोंड झाकून रडला. समुद्रसुद्धा जरा थांबल्यासारखा वाटला, असं तिथे असलेले सगळे सांगतात, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

टँटीने डोळे पुसले आणि नाळेवरच्या माणसाकडे नीट पाहिलं. "तू ऑलिव्हचा ना? कानावरून ओळखलं. ज्युवेल, ह्याला कसला पासपोर्ट मागतेस? हा इथलाच आहे."

"माझा जन्म ला पॉमचा आहे," कथबर्ट म्हणाला.

"बाप्तिस्मा तिकडचा. जन्म इथला, माझ्या मागच्या खोलीतला. तुझी आई ऑलिव्ह रताळी विकायला आली आणि टोपली टेकवायच्या आत तू आलास. तेव्हाही तुझ्याकडे पासपोर्ट नव्हता. कपडेही नव्हते."

बेलमारचा किनारा हसला. मिस ज्युवेलने छत्री मिटली आणि हात पुढे केला. "मग प्रश्नच मिटला. घरी या, सर."

कथबर्ट वाळूवर उतरला खरा, पण त्याचा चेहरा पार उतरला होता.

एका मच्छीमाराने आपल्या इंजिनाच्या होडीला 'पेशन्स' बांधली आणि परत ओढून न्यायचं ठरलं. कथबर्ट चढला. त्याच्याआधीच टँटी चढून बसली होती.

"टँटी, उतरा. तुमच्याकडे कागद नाहीत."

"तुझ्याकडे तरी कुठे आहेत?"

यावर त्याला कलम सापडलं नाही.

आम्ही सगळे धक्क्यावर जमलो होतो. बोट लागली, पण कथबर्ट काही उतरेना. कठड्याला धरून तो पांढराफटक पडून उभा होता.

"या की, ऑफिसर," आम्ही म्हटलं.

"कसा येऊ? परदेशात जन्मलेला माणूस, पासपोर्ट नाही, बाहेर पडल्याची नोंद नाही."

"पासपोर्ट घरून आणून देतो."

"त्यात जन्म ला पॉमचा लिहिलाय. तो खोटा निघाला. खोट्या कागदावर मी मला आत घेऊ?"

"मग शिक्का मारा आणि या. शिक्का तर तुमच्याच खिशात आहे."

"ज्याला आत यायचंय त्यानेच शिक्का मारायचा? उद्या कुणीही मारेल."

खरं सांगतो, आम्हाला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. स्वतःच्या दारात उभा राहून स्वतःलाच अडवणारा माणूस आम्ही प्रथमच बघत होतो, आणि तो हे मनापासून करत होता. कुणीतरी टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या.

"ह्यावर नियम नाही का?" फादरनी विचारलं.

"आहे," कथबर्ट म्हणाला. "कागद नसलेल्याला जन्मापासून ओळखणाऱ्या वडीलधाऱ्याने आपल्या भूमीवर उभं राहून साक्ष द्यावी."

सगळ्यांनी हात वर केले.

"जन्मापासून," तो म्हणाला, आणि हात एकेक करून खाली आले. त्याची आई तर केव्हाच देवाघरी गेली होती. सगळ्यांची नजर हळूहळू टँटीकडे वळली. ती निवांत बसून भिजलेला झगा पिळत होती.

कथबर्टने खिशातून शिक्का काढला. "येण्याचं कारण?" त्याने विचारलं.

"तुझी ओळख पटवायची आहे."

"परतीचं..." तो थांबला. पुढचा शब्द त्याने गिळला. टँटीने आपला सुरकुतलेला हात पुढे केला आणि त्याने त्या हातावरच शिक्का उमटवला, हलक्या हाताने, दुखेल की काय अशा बेताने. ओबडायाने बहिणीला धक्क्यावर घेतलं. तिने जमिनीवर पाय रोवले आणि हा ऑलिव्हचा मुलगा, मी ह्याची नाळ कापली, असं खणखणीत सांगितलं.

मग तिने साखळीसकट शिक्का त्याच्या हातातून काढून घेतला. "आता तू. परतीचं तिकीट आहे?"

"नाही, टँटी."

"मग कुठे जाशील? राहा इथेच," म्हणत तिने त्याच्या हातावर शिक्का दाबला. तो उलटा उमटला, पण कथबर्टने हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर ऑफिसात आला आणि सवयीने खिडकीत उभा राहिला. समोरच्या परराष्ट्रातली दोरी रिकामी होती. पांढरा झगा त्याच्याच ऑफिसच्या मागे वाळत होता, आणि वारा सुटला की त्याची बाही खिडकीतून आत टेबलापर्यंत येत होती. कथबर्टने ती हळूच बाजूला केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.