मध्ये गोळेगाव लागतं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या पाथ्रीकर काकांकडून पाहुणा निघाला की काका त्याला "या परत" म्हणत नाहीत. ते गॅलरीत येतात, घसा साफ करतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारतात, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जालन्याचे मेहुणे गेट क्रमांक एकवरून सुटत आहेत." मेहुणा बिचारा चपला हातात घेऊन पळतो.

काका एस.टी.त कंट्रोलर होते. बसस्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून त्यांनी उभी हयात गाड्या पुकारल्या. निवृत्तीच्या दिवशी माइक तिथंच राहिला, आवाज मात्र गारखेड्याला आमच्या डोक्यावर राहायला आला. "आयुष्यात एक थांबा गाळला नाही" ही त्यांची एकुलती एक मिजास. हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की एकदा आमच्या बँकेत कॅशियरशी भांडताना ते माझ्याच तोंडून निघालं.

शांताकाकूंना हे पुकारणं बिलकूल खपायचं नाही. "अहो, भोंगा बंद करा, दूध नासंल," असं त्या आतून ओरडायच्या. काकांनी पूर्व म्हटलं की यांचं पश्चिम. काकूंचं माहेर गोळेगाव, सिल्लोडच्या पुढचं. गोळेगावच्या मक्याला, तिथल्या माणसांना आणि तिथल्या हवेला जगात तोड नाही, यावर दोघांचं रोज वाजायचं. मला खाली बसल्या बसल्या फुकटात करमणूक होती.

मग काकूंना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. उरला एकच शब्द, "बरं". चहा हवा असला तरी बरं, नको असला तरी बरं, पंखा लावा तेही बरं. काका मला म्हणाले, "साऱ्या संसारात एकदा बरं म्हणाली नाय ही. आता दिवसभर तेवढंच." म्हणाले हसत, पण मला काही हसू आलं नाही.

काकूंना पुन्हा बोलतं करायचं, एवढं एकच खूळ तेव्हापासून काकांच्या डोक्यात बसलं. कुठंतरी त्यांनी स्टेमसेलबद्दल, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराबद्दल वाचलं आणि झालं. वर्तमानपत्रं, डॉक्टर, मेडिकलवाला, कुणालाच सोडलं नाही. माझा चुलतभाऊ गुरांचा डॉक्टर आहे. त्यालाही त्यांनी जिन्यात गाठून तासभर पिळलं.

ती दुष्काळाची वर्षं होती. गारखेड्यात जिकडंतिकडं नव्या बिल्डिंगी उगवत होत्या आणि नळ मात्र कोरडे. टँकर आला की नुसती झुंबड. त्या झुंबडीत काका खराखुरा, बॅटरीवरचा भोंगा घेऊन उतरायचे. "टँकर फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. हंडेवाल्यांनी डावीकडून, ड्रमवाल्यांनी उजवीकडून. नसरीनभाभी, आपण ड्रमवाल्या आहात, हंड्याच्या रांगेत शिरू नये." आणि काय सांगू, लोक ऐकायचे.

एकदा तिथंच, पाइप धरून, त्यांनी शेजारच्या नसरीनभाभींना मेंदू समजावला.

"भाभी, डोक्यातबी असंच होतं. नळी तुंबली, तिथल्या पेशी मेल्या. मग मदतीला दुसऱ्या पेशी धावल्या. धावल्या त्या लई धावल्या, अन् ढकलाढकलीत चांगल्यांनाबी तुडवलं. ती सूज. आता स्टेमसेल काय करते? लोकांना वाटतं, मेलेलीच्या जागेवर जाऊन बसते. नाय. तिचं मोठं काम वेगळंच, असं म्हणतात. ती नुसती उभी राहून सांगते, गडबड करू नका, रांगेत या. म्हणजे ती कोण झाली?"

"कौन हुई, काका?"

"कंट्रोलर."

"वो तो ठीक है," भाभी म्हणाल्या, "पन मेरा नंबर कब आता?"

मेंदूच्या डॉक्टरांकडं दर खेपेला काकांचा एकच प्रश्न, "साहेब, ती स्टेमसेलची गाडी लागली का?" डॉक्टर भला माणूस. ते म्हणायचे, "नाही काका, अजून चाचण्याच चालू आहेत. त्यातही बहुतेक ठिकाणी नुकताच झटका आलेले पेशंट घेतात. काकूंना वर्ष होऊन गेलं. तुम्हाला खोटी आशा दाखवू का?" काका मान डोलवायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायचे.

अशात बायपासला एका काचेच्या बिल्डिंगीत नवं सेंटर उघडलं. बाहेर हा एवढा बोर्ड, स्टेमसेलनं लकवा बरा. काका मला म्हणाले, "तू बँकेतली आहेस, चल." बँकेचा आणि लकव्याचा काय संबंध ते त्यांनाच ठाऊक. मी रजा टाकून गेले.

आत टायवाला एक तरुण गोड गोड हसत बसला होता. "काका, शंभर टक्के. तीन इंजेक्शनं, की आजी गाणं म्हणतील."

काकांनी चष्मा चढवला. "या पेशी आणता कुठून?"

"आमचं स्पेशल टेक्निक आहे."

"आजवर कितीजणांना दिल्या? त्यातले बोलायला लागले किती?"

"सगळे."

"एकही गाडी लेट नाही?"

"एकही नाही, काका."

काका उठले. "बाळ, माझा जन्म स्टँडवर गेला. एकही गाडी लेट नाही म्हणणारा माणूस एकतर स्टँडवर नवीन असतो, नायतर खोटारडा. अशा गाडीत मी प्रवासी बसवत नसतो."

रिक्षात मला हसू आवरेना. काय जिरवली त्याची, म्हणून मी काकांची तारीफ करत होते. काका बाहेर बघत होते. म्हणाले, "मला वाटलं होतं, निदान खोटं तरी नीट बोलेल. नीट बोलला असता ना, तर आजच बसवलं असतं तिला." माझं हसू तिथंच विरलं. वाईट वाटलं हो, लई वाईट वाटलं.

आता काकांचा एक रोजचा नेम सांगायचा राहिला. संध्याकाळी काकूंना गॅलरीत खुर्चीवर बसवायचं आणि जळगाव गाडी पुकारायची, एकेक थांबा घेत: हर्सूल, सावंगी, चौका, फुलंब्री, आळंद, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा. काकूंना माहेरची गाडी ऐकून बरं वाटावं, एवढाच हेतू. शेवटी काकू "बरं" म्हणायच्या आणि गल्लीत दिवेलागण व्हायची.

त्या सेंटरच्या फेरीनंतर आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, काका चुकतायत. एका संध्याकाळी फुलंब्री गायब. दुसऱ्या दिवशी सिल्लोड आधी आणि आळंद नंतर. नसरीनभाभी मला म्हणाल्या, "बेटा, काका की तबियत देखो. भूल रहे." आता यांनाही झटका आला तर त्या माउलीकडं कोण बघणार? मी तशीच जिना चढून वर गेले.

"काका, चला, डॉक्टरांकडं जाऊ. तुम्ही थांबे विसरताय."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला दाराआड ओढलं. हळू बोलायची सवय नाही, त्यामुळं त्यांचं कुजबुजणं खाली टँकरपर्यंत गेलं असणार.

"त्या दिवशी सेंटरवरून आलो, डोकं ठिकाणावर नव्हतं. पुकारताना सिल्लोडवरून थेट अजिंठ्याला गेलो. गोळेगाव राहिलं. जिंदगीत पहिल्यांदा. तर ही खुर्चीवर हात आपटून म्हणाली, गोळेगाव. बरं नाय म्हणाली. गोळेगाव म्हणाली. अन् डोळे कसे वटारले, पहिल्यासारखे." त्यांनी नाक पुसलं. "डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, पाठ असलेलं कधीकधी असं बाहेर येतं. फार आशा धरू नका, पण सोडूबी नका. म्हणून रोज एक थांबा गाळतो, नायतर मागंपुढं करतो. गल्लीला हसू दे."

ज्या माणसानं आयुष्यात थांबा गाळला नाही, तो आता रोज ठरवून गाळत होता, तेही चारचौघांत.

काका गॅलरीत गेले. घसा साफ केला. "जळगावकडे जाणारी गाडी हर्सूल, सावंगी, फुलंब्री..." आणि थांबले. कान खुर्चीकडं. मी दाराशी उभी.

काकूंच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले, पुन्हा हलले. डावा हात खुर्चीवर आपटला.

"चौ... चौका. मेलं... चौका."

काकांनी भोंगा उचलला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सूचनेत दुरुस्ती आहे. मध्ये चौका लागतं. चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मग आवाज फुटला, तरी त्यांनी तेच पुन्हा पुकारलं, "लई दिलगीर आहोत."

इतक्या आनंदानं मागितलेली माफी मी दुसरीकडं कुठंच ऐकलेली नाही.