कॅप्टन येत आहेत, मेंढ्या घेऊन यावे

ओतिलिया पाइनेफिल यांचं पत्र अकरा महिने माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. मी उत्तर लिहिलं नाही असं कृपया समजू नका. सतरा वेळा लिहिलं! टपालपेटीपर्यंत मात्र एकही गेलं नाही. एक फार कोरडं वाटलं, एक फार लाडिक वाटलं आणि एकात तर मी हवामानाबद्दल अडीच पानं लिहिली होती. आमच्याकडे हवामान म्हणजे वारा. त्याबद्दल अडीच पानं लिहिणाऱ्या माणसाला डॉक्टरला दाखवावं.

पत्र छोटं होतं. अक्षरं मोठी, आणि ओळी उजवीकडे घसरत गेलेल्या.

"मास्तर, दर वर्षी चौदा नोव्हेंबरला तुम्ही रेडिओवर सांगता की कॅप्टन इरिगाराय आपल्या अचूक दिशाज्ञानाने नदीकाठी, काळ्या खडकाच्या उतारापाशी पोचले. माझी आजी तेव्हा सात वर्षांची होती आणि तिथेच होती. ते वाट चुकले होते. त्यांनी तिच्या वडिलांना धाडलेली चिठ्ठी माझ्या पेटीत आहे. चिठ्ठीची शाई उडत चालली आहे आणि माझी नजरही. दोन्हींपैकी एक पुरतं जायच्या आत या आणि मला ती एकदा वाचून दाखवा. तारीखही चौदा नसावी. चहा मी करीन."

आता माझी पंचाईत बघा. आमच्या लास बार्दास गावावर आजवर एकच पुस्तक निघालंय आणि ते मी लिहिलंय. चाळीस पानांचं आहे, आणि त्यातली एकतीस पानं कॅप्टन इरिगाराय यांच्या दिशाज्ञानावर आहेत! माझ्याच अर्जावरून चौकात त्यांचा पुतळा बसला. सरहद्दीची मोजणी करायला निघालेला हा वीर तिथे बोट दाखवत उभा आहे. तो चुकलेला असेल, तर ते बोट कसलं दाखवतंय? संडासाची वाट विचारतोय की काय?

म्हणून मी गप्प बसलो. ओतिलियाबाईंना मी पूर्वी दोनदाच भेटलो होतो. दोन्ही वेळा लोकरीच्या बाजारात, आणि दोन्ही वेळा मी 'नमस्कार' म्हणायला तोंड उघडलं तेव्हा तोंडात वाळू गेली.

पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. एरवी मी तसं काही सांगत नाही, छाती तेवढी नाही. एकोणीस वर्षं गावच्या रेडिओवरचा 'आजचा दिवस' हा कार्यक्रम मी लिहितो आणि त्यात कधीही, एकदाही, घोळ झालेला नाही! बारा वाजता आधी इतिहासात आज काय घडलं ते, मग आरोग्याचा सल्ला, मग समाजवार्ता. साडेबाराला 'वस्त्यांना निरोप'. निरोप माझे नसतात, ते लोक आणून देतात. "गाल्वान वस्ती, बिर्खिनियाला मुलगा झाला, आजीला घेऊन यावे." "दगडी विहिरीजवळच्या एर्मानला निरोप: खेचर गुरुवारी चौफुलीवर आणणे." डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर फोन नाही, टपाल आठवड्यातून एकदा. त्यामुळे साडेबाराला रेडिओ जे सांगेल ते लोक करतात. का, कशाला असं विचारत नाहीत. विचारणार तरी कुणाला? रेडिओला?

वाचतात नेलिदाबाई. आवाज असा, की थर्मासमधलं पाणी ऐकूनच गरम राहावं. एकच खोड आहे. समोर जे येईल ते वाचतात आणि वाचलेलं स्वतः ऐकत नाहीत. एकदा त्यांनी खोकल्याच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली होती, 'वापरण्यापूर्वी हलवावे' यासकट. दुसऱ्या दिवशी तीन वस्त्यांवरून विचारणा आली, काय हलवायचं?

तर यंदाचा चौदा नोव्हेंबर. ठरवलं, आज इतिहास असा लिहायचा की ऐकणाऱ्याला समोर दिसला पाहिजे! घडून गेल्यासारखा नाही, घडत असल्यासारखा! रात्रभर घासूनपुसून तयार केला, सकाळी नेलिदाबाईंच्या हातात कागद दिला आणि बारा वाजायला पाच मिनिटं असताना खिशातलं पत्र टोचलं.

"नेलिदाबाई, तो कागद जरा द्या. दोन मिनिटं."

"मास्तर, दोन म्हणजे दोन हं! मागे तुमची दोन मिनिटं झाली तेव्हा मी लोकांना सहा वेळा पोल्का नाचाची एकच तबकडी ऐकवली. सातव्यांदा खाटीक बंदूक घेऊन आला होता."

मी बाहेरच्या बाकावर बसलो. 'अचूक दिशाज्ञानाने' खोडलं. 'कदाचित' लिहिलं, तेही खोडलं. १८९७ हे साल लिहिलं होतं, पण तारीखच नक्की नाही तर साल तरी कशाच्या भरवशावर लिहायचं? तेही काढलं. आता कागद असा दिसत होता की कोंबडी नाचून गेलीय. नवा कागद घेतला आणि घाईघाईने सगळं सलग उतरवलं. घाईत 'इतिहास', 'आरोग्य', 'समाजवार्ता' हे मथळे गाळले. नेलिदाबाईंना एकोणीस वर्षांचा सराव, त्यांना मथळे कशाला?

डोकं वर काढलं तर बारा पस्तीस! आत पोल्का थांबला होता आणि निरोप सुरू झाले होते. लाल दिवा लागलेला. मी चवड्यांवर आत गेलो, कागद नेलिदाबाईंच्या कोपराखाली सरकवला आणि शरमेने घरी पळालो. घरी रेडिओ लावला नाही. स्वतःचं लिखाण ऐकलं की मी पुन्हा खोडायला बसतो.

तीन वाजता दार धडधडलं. नेलिदाबाई! केस पिंजारलेले, हातात गाडीची किल्ली.

"मास्तर, हा कॅप्टन कोण हो?"

"कोणता कॅप्टन?"

"ज्याच्यासाठी डोंगरापलीकडच्या सेपुल्वेदाने चार मेंढे मारले तो! त्याचा पोरगा गावात पाव न्यायला आलाय."

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. माझंच अक्षर. निरोपांच्या मधोमध, एर्मानच्या खेचरानंतर, त्यांनी त्या थर्मासच्या आवाजात हे वाचलं होतं:

"कॅप्टन इरिगाराय आज चाळीस माणसांसह काळ्या खडकाच्या उतारापाशी येऊन पोहोचतात. माणसे उपाशी, अश्व क्लांत. आसपासच्या वस्त्यांना ते निरोप धाडतात: मेंढ्या आणि ताजी घोडी घेऊन यावे. दीर्घ उपवासानंतर जड मांस देऊ नये. आधी कोमट पाणी आणि बिनमिठाचा उकडलेला भोपळा द्यावा. पाय गरम पाण्यात बुडवावेत. यानिमित्त नाचाचा कार्यक्रम असून अविवाहित मुलींना अगत्याचे निमंत्रण आहे."

'यानिमित्त' हे गावच्या क्लबाच्या वर्धापनदिनानिमित्त होतं, ते मथळ्याबरोबर गळलं! आणि नाच शनिवारी होता!

"पण नेलिदाबाई, वाचताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना! आज निरोप जरा लांबलाय, असं वाटलं."

"आणि इरिगाराय! एकोणीस वर्षं तुम्हीच दर चौदा नोव्हेंबरला त्याचं नाव वाचताय! चौकात पुतळा आहे त्याचा!"

"तो बोटवाला? त्याला नाव पण आहे?"

इतिहासकाराच्या वाट्याला काय काय येतं पाहा! पण रडायला वेळ नव्हता. त्यांच्या जुन्या गाडीत बसलो. अठरा मैलांचा दगडांचा रस्ता. माझे दात टाळ वाजवत होते आणि मनात एकच विचार: काळ्या खडकाच्या उतारापासून ओतिलियाबाईंची वस्ती हाकेच्या अंतरावर आहे. देवा, निदान त्यांच्या रेडिओची बॅटरी तरी संपलेली असू दे!

टेकडी चढलो आणि खाली पाहिलं. मी पुस्तकात 'अफाट जनसमुदाय' असे शब्द दोनदा वापरलेत, दोन्ही वेळा माणसं बारा होती. इथे खरोखर सव्वाशे तरी होती! नऊ मेंढे लोखंडी क्रुसांवर निखाऱ्याभोवती भाजत होते. सव्वीस ताजी घोडी. एकीकडे भोपळ्यांची रास, त्यावर पातेली, आणि गरम पाण्याची सात घंगाळं रांगेत मांडलेली. मेंढेवाले आणि भोपळेवाले यांच्यात तर जुंपलीच होती.

"उपाशी माणसाला भोपळा? लाज वाटत नाही?" सेपुल्वेदा ओरडत होता.

"रेडिओने सांगितलंय! तू काय रेडिओपेक्षा शहाणा?"

"रेडिओने आधी मेंढी सांगितली, मग भोपळा! आधीचं आधी!"

फ्लोरिंदाबाई आपल्या तीन मुलींना घेऊन उभ्या होत्या. तिघींना इस्त्री केलेली. म्हणजे कपड्यांना, पण त्या उभ्या होत्या अशा की मुलींनाही केली असावी. वाऱ्याने रिबिनी आडव्या झालेल्या. मला पाहताच बाई धावल्या.

"मास्तर, तुम्ही शिकलेले, खरं सांगा. चाळीसच्या चाळीस अविवाहित आहेत ना?"

मी नेलिदाबाईंकडे पाहिलं. नेलिदाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. मग मला कोपर मारून म्हणाल्या, "कागद तुमचा. चढा त्या भोपळ्यांच्या रिकाम्या पेटीवर!"

चव्वेचाळीस वर्षं शिकवूनही मी कधी सव्वाशे माणसांसमोर बोललो नव्हतो. आमच्या शाळेत मुलंच अकरा होती. मी पेटीवर चढलो.

"मंडळी," मी म्हणालो, "कॅप्टन येणार नाहीत."

"का? आजारी आहेत?" भोपळेवाल्यांतून कुणीतरी आशेने विचारलं.

"ते... ते येऊन गेले."

"कधी?"

"अठराशे सत्त्याण्णव साली."

वारासुद्धा थांबला! आमच्याकडे वारा गेल्या खेपेला कधी थांबला होता, याची नोंद मला कुठेही मिळालेली नाही. मग फ्लोरिंदाबाईंची धाकटी मुलगी हळूच म्हणाली, "मग आता बरेच म्हातारे असतील."

"हा इतिहास होता," मी कसंबसं म्हणालो. "मी दर वर्षी सांगतो. बारा वाजता."

"बारा वाजता?" सेपुल्वेदाला खरोखरच नवल वाटलं. "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. बारा वाजता इतिहास लागला की आम्ही किटली चढवायला जातो. सगळेच जातात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मी या मुलखाची किटली चढवत होतो!

तेवढ्यात मागून आवाज आला, "मी नाही जात."

गर्दी बाजूला झाली. ओतिलियाबाई. डोक्याला रुमाल, हातात काठी, काखेत पत्र्याची छोटी पेटी. मी पेटीवरून उतरायला गेलो आणि एक पाय घंगाळात गेला. पाणी गरम होतं. सल्ला आरोग्याला चांगला आहे, एवढं मी आता अनुभवाने सांगतो.

"बाई, तुम्हीसुद्धा फसलात?"

"मी कशाला फसते? 'अश्व क्लांत'! या मुलखात थकल्या घोड्याला असं दुसरं कोण म्हणतं? तेव्हाच कळलं, मास्तरांचा कागद कुठेतरी वाट चुकलाय. म्हटलं, कागद चुकला की मागून धनी येतोच. माझ्याकडे नाही आलात, म्हणून मी आले." त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. "घ्या. वाचा. मोठ्याने."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"अकरा महिन्यांपूर्वी आला असतात तर एकटीसमोर वाचायला मिळालं असतं."

मी पेटी उघडली. आत जुनं फडकं, फडक्यात चतकोर कागद. शाई जवळजवळ गेलेली, पण सही मी झोपेतही ओळखली असती. एकतीस पानं मी त्या सहीवर उभी केली होती. वाचलं. पुन्हा वाचलं. मनात म्हटलं, घडी घालून सांगावं, अक्षर लागत नाही. बाईंना कुठे दिसतंय? कोणाला कळणार? पुस्तक वाचेल, पुतळा वाचेल. मग मी ओतिलियाबाईंकडे पाहिलं. त्यांनी कान पुढे केला होता. रोज बारा वाजता असाच करत असणार.

मी मोठ्याने वाचलं:

"महाशय, मी चाळीस माणसांसह आपल्या नदीकाठी आहे. जेवण मिळाल्यास आभारी होईन. तसेच ही कोणती नदी आहे, ते कृपया चिठ्ठी आणणाऱ्यास सांगावे. कॅप्टन बाल्दोमेरो इरिगाराय, मोजणी खाते. तारीख सोळा, किंवा सतरा."

आधी सेपुल्वेदा हसला. मग सगळे. असे हसले की क्रुसावरचा एक मेंढा निखाऱ्यात पडला. "मोजणी खाते!" म्हणत लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

"मास्तर," कुणीतरी ओरडलं, "असला इतिहास असेल तर किटली नंतर चढवू की!"

ओतिलियाबाई मात्र हसल्या नाहीत. डोळे मिटून म्हणाल्या, "पुन्हा वाचा. आजी अगदी असंच सांगायची. तिला कुणी खरं मानलं नाही." मी पुन्हा वाचलं. तीनदा वाचलं.

मग सव्वाशे माणसांनी मिळून चाळीस जणांचं जेवण फस्त केलं. भोपळा कुणीही खाल्ला नाही, मी सोडून. सल्ला माझा होता. अकॉर्डियन निघालं, पोल्का वाजला आणि खाटीक स्वतः नाचला. फ्लोरिंदाबाईंची थोरली एर्मानबरोबर दोनदा नाचली. तो बिचारा खेचर घेऊन आला होता. चौफुलीवर, गुरुवारी, वगैरे सगळं त्याच्या डोक्यातून उडालं होतं.

निघताना मी ओतिलियाबाईंना म्हणालो, "बाई, पत्राचं उत्तर राहिलं. येतो मी. रविवारी येतो. कागदाची नीट नक्कल करून घेतो, पुस्तकही नव्याने लिहितो."

"तोंडी नको," त्या म्हणाल्या. "मी पत्र लिहिलं होतं. पत्राला पत्रच हवं."

घरी येऊन अठराव्यांदा बसलो. या वेळी चारच ओळी आल्या: "आदरणीय ओतिलियाबाई, कॅप्टन वाट चुकले होते. मीही. रविवारी येतो. चहाबरोबर भोपळा नसावा." पाकिटात घातलं, तिकीट चिकटवलं, दोनदा तपासलं, आणि चौकात जाऊन त्या बोटवाल्याच्या डोळ्यांदेखत टपालपेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाजही ऐकला. एकोणीस वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं!

मग पेटीवरची पाटी वाचली. डोंगरापलीकडचं टपाल मंगळवारी निघतं. म्हणजे रविवारी मी तिथे जाऊन आलेला असेन आणि पत्र त्यानंतर पोचेल. आणि बाईंची नजर ही अशी. तेव्हा मंगळवारी पुन्हा जाऊन ते मलाच वाचून दाखवावं लागणार.

जाईन. माझी हरकत नाही. फक्त एकच भीती आहे. माझं अक्षर मलाही लागत नाही.