कोट ऐकून राहिला

गेंदलालकाकाजींनी रिकामी प्लेट छातीशी धरली आणि बुफेला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. पास्त्यापाशी थांबले, वाकून बघितलं, पुढे गेले. बटर नानपाशी थांबले, वास घेतला, पुढे गेले. चॉकलेटचा केक आला तेव्हा तर त्यांनी डोळे मिटून हात जोडले. फेरी पूर्ण झाली तेव्हा प्लेटमध्ये काकडीचे काप होते आणि लिंबाची एक फोड.

मी पुडिंगच्या ट्रेमागे पांढरी टोपी घालून उभा होतो. ते समोर आले, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अबे रव्या! तू होय का? काऊन असा पुतळ्यावाणी उभा आहेस?"

आमचा सुपरवायझर चार हातांवर होता. जहाजावर नोकरी करणाऱ्याने पाहुण्यांशी हसून बोलायचं असतं, पण पाहुणे 'अबे' म्हणाले तर कसं हसायचं हे कोणी शिकवलं नव्हतं. मी घाईघाईने पुडिंगचा चमचा पुढे केला. "घ्या ना काकाजी, एकदम ताजं आहे."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. इकडेतिकडे पाहिलं. म्हणाले, "हळू बोल. कोट ऐकून राहिला."

हा कोट कोणता ते सांगितल्याशिवाय काकाजी कळायचे नाहीत. आमचं गाव आमगावच्या पुढे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, गावातलीच माणसं नाटक करतात. आमच्या गावात नाटक कोणतंही असो, गेंदलालकाकाजी त्यात राजा असतात. एका वर्षी दारूबंदीचं नाटक होतं. लिहिणाऱ्याने हात जोडले, "भाऊ, यात राजा कुठी बसवू?" काकाजी म्हणाले, "दारुड्याले सपन पाड. सपनात राजा येते." पाडलं. पुढच्या वर्षी नाटक हुंड्याचं होतं, तेव्हा नवरदेवाच्या बापाला स्वप्न पडलं. आता लिहिणारा आधी स्वप्न लिहून घेतो, मग त्याच्या मागंपुढं नाटक.

आणि राजा म्हटला की तो कोट. लाल मखमलीचा, पितळी बटणांचा, गळ्यापर्यंत बंद. त्याचे नियम कडक आहेत. तो वर्षभर लोखंडी पेटीत कडुलिंबाच्या पाल्यात निजतो. मंडईच्या दिवशी नारळ फुटल्यावरच बाहेर येतो. मध्ये घालून पाहायचा नाही, नुसता पाहायचाही नाही. आणि त्याच्या शिलाईला कोणी सुई लावायची नाही. सैल करायचा नाही, घट्ट करायचा नाही. माणसाने कोटात बसायचं, माणसासाठी कोट उसवायचा नाही.

गेल्या मंडईला पोटावरचं बटण कसंबसं लागलं होतं. काकाजींनी श्वास रोखून राज्य केलं होतं. सरपंचाचा पुतण्या भाड्याची चमकी शेरवानी घेऊन तयारच आहे. यंदा बटण लागलं नाही की राजा बदलणार, हे गावाने ठरवल्यासारखंच होतं.

नेमकं अशा वेळी, मंडई तोंडावर असताना, त्यांच्या सुनीताने बापाला जहाजाच्या सहलीवर आणलं. सुनीता त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात नोकरीला. बाबा घरी एकटे असतात, तेवढाच बदल, असा तिचा विचार. आमच्या जहाजावर सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत कुठं ना कुठं तवा तापलेलाच असतो. इथे चढलेला माणूस उतरताना पट्ट्याचं भोक बदलून उतरतो. मी रोज पाहतो.

"बाबा, मी पैसे जेवणासकट भरले आहेत," सुनीता कळवळून म्हणायची.

"भरले तं भरले. मी पाहून राहिलो ना बंदं. पाहाचे पैसे वसूल."

कोट गावी पेटीत होता, पण त्याचा वकील काकाजींच्या कमरेला होता. सुताची एक जुनी दोरी, दोन गाठी मारलेली. रोज सकाळी ती पोटाभोवती फिरवायची. गाठीला गाठ भेटली की कोट बसणार. सुनीताने त्यांना जहाजाच्या व्यायामशाळेत नेऊन वजनकाट्यावर उभं केलं होतं. लाट वर आली की काटा एक सांगे, खाली गेली की दुसरंच. "हा काटा तं दारू पेऊन राहिला," म्हणून काकाजी उतरले आणि पुन्हा दोरीवर आले.

माझा जीव मात्र टांगणीला. आमच्या मोठ्या शेफना वाटलं, हा पाहुणा अन्नावर नाराज आहे. नाराज पाहुणा म्हणजे तक्रार, आणि तक्रार म्हणजे आधी मी, कारण गाववाला माझा. त्यांनी माझ्या हाती खीर पाठवली. परत आली. गाजराचा हलवा पाठवला. परत आला, वर निरोप, "त्यायले सांग, हात गोड आहे, वासावरूनच समजते." शेवटी शेफ स्वतः टोपी काढून टेबलापाशी आले आणि हिंदीत विचारलं, काही व्रत आहे का?

"हौ," काकाजी गंभीरपणे म्हणाले. "मखमल का व्रत है."

शेफ पुढचे दोन दिवस मला विचारत होते, हे मखमलबाबांचं देऊळ नक्की कुठे आहे.

मी चिडलो नाही. काकाजींवर चिडणं मला जमत नाही. आठवीत शाळा सोडली तेव्हा गावात मला कोणी काही विचारायचं बंद केलं होतं. मी बोलायचो नाही, बोललो तर अडखळायचो. तेव्हा काकाजींनी माझ्या हातात भाला दिला आणि मला त्यांचा भालदार केलं. वाक्य एकच, 'महाराजांचा विजय असो.' रोज संध्याकाळी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर उभं करून ते माझ्याकडून म्हणवून घ्यायचे. स्वतः पाण्याच्या पल्याड जाऊन बसायचे. "ऐकू नाही येऊन राहिलं, रव्या! राजा बहिरा आहे असं समज!" पुढे जहाजाच्या नोकरीसाठी मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं, तेव्हा मी मनातल्या मनात भाला धरला आणि ताठ उभा राहिलो. उत्तर चुकलं असणार. पण आवाज खणखणीत निघाला आणि मी लागलो. आजही रात्रपाळीचा बोर्ड बघताना छातीत धडधडतं, आपलं नाव काढून तर टाकलं नाही ना असं वाटतं. धडधडलं की मी भाला धरतो.

तर, काकाजी. ते लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. जिन्याने वर, जिन्याने खाली, दिवसभर. त्यांचं बघून नागपूरच्या काही बायका मागे चढू लागल्या. सकाळी वरच्या डेकवर त्यांनी स्वतःचा व्यायाम सुरू केला, तो म्हणजे धानाचा रोवणा. कमरेत वाकायचं, डाव्या हातात रोपांची जुडी आहे असं समजायचं, उजव्या हाताने एक रोप टोचायचं, एक पाऊल मागे. पुन्हा टोचायचं, पुन्हा मागे. नागपूरच्या बायकांनी हेही उचललं. मग दोन गुजराती जोडपी आली. सूर्य वर यायच्या आत डेकवर पंधरा-वीस माणसं ओळीने वाकून समुद्रावर धान रोवत होती आणि काकाजी ओरडत होते, "ओळ सीधी ठेवा वो बाई! धान आडवा जाऊन राहिला तुमचा!"

रोवणा करणारा माणूस मागे वळून पाहत नाही. कायले पाहील? मागे धानाच्या बांधीतला चिखलच असतो.

जहाजावर मागे पोहायचा तलाव होता.

पहिले काकाजी गेले. मग ओळ न मोडता नागपूरच्या दोन बायका गेल्या. शिट्ट्या वाजल्या, मी टॉवेल घेऊन धावलो. काकाजी बोडीत पोहून मोठे झालेले. दोन्ही बायकांना काठाला लावून ते हसत उभे राहिले, कमरेला ती दोरी निथळत होती. सगळा डेक टाळ्या वाजवत होता. सुपरवायझरही हसला, तेव्हा कुठे माझा श्वास खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाश्त्याला आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. त्यांनी मला खांबाआड नेलं, सदरा वर केला आणि दोरी फिरवली. गाठीला गाठ भेटत नव्हती. मध्ये चांगलं बोटभर अंतर.

"काय खाल्लं काकाजी?"

"काकडी! काकडीनं माणूस फुगते का रे?" त्यांच्या आवाजात खरंच भीती होती. "वास घेऊन राहिलो ना मी रोज. वासातून जात असन अंगात."

त्या दिवसापासून प्रदक्षिणा बंद. काकडीही बंद. ताक आणि जिने. सुनीता रडकुंडीला आली. मीही विनवलं. ते फक्त बोट ओठांवर ठेवायचे. मुंबईला उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "मंडईले फोन करजो," म्हणाले आणि सामान घेऊन जिन्याने गेले. गावी गेल्यावरही नुसत्या पेजेवर होते, असं सुनीता फोनवर सांगायची. दिवाळीत करंजीकडे पाहिलं नाही. दोरी अजून म्हणत होती, नाही बसणार.

मंडईच्या दुपारी मी जहाजावरच्या मेसमध्ये कोपरा धरून फोन लावला. सुनीताने व्हिडिओ सुरू केला. अंगण माणसांनी भरलेलं. सरपंचाचा पुतण्याही शेरवानीची पिशवी घेऊन हजर. नारळ फुटला, पेटी उघडली, कोट बाहेर आला. काकाजींनी डोळे मिटून तो अंगात घातला, श्वास रोखला आणि बटण लावलं.

लागलं. सगळी लागली. आणि कोट त्यांच्या अंगावर ओल्या चादरीसारखा लोंबत राहिला. पोटापाशी मखमलीच्या चुण्याच चुण्या.

अंगण हसून लोळलं. "गेंदलालभाऊ, अजून एक जण मावते ना याच्यात!" कोणीतरी ओरडलं.

गावचा टेलर पुढे झाला, सुई ओवलेलीच होती. "दोन्ही बाजूनं टाके टाकतो, भाऊ. पाच मिनटाचं काम."

काकाजींनी दोन्ही हात कोटाच्या शिलाईवर ठेवले. "सुई मागं घे," ते म्हणाले. एरवी बोडीच्या पल्याड जाणारा त्यांचा आवाज अंगणातही नीट पोचला नाही. हसणं थांबलं.

तो कोट दुर्गाकाकीने शिवला होता. काकाजींची बायको. गावभरच्या बायकांची पोलकी तीच शिवायची. टेपवरचे आकडे तिला वाचता येत नसत, म्हणून प्रत्येकीच्या मापाची एक दोरी, गाठी मारलेली, भिंतीला खिळ्यावर टांगलेली असायची. एक खिळा काकाजींचा. दर मंडईच्या आधी ती त्यांच्या पोटाला दोरी गुंडाळायची, "पुन्हा वाढले का वो तुमी!" म्हणून ओरडायची, गाठ सरकवायची आणि कोट थोडा उसवून पुन्हा शिवायची. ती गेली, त्यानंतरची ही दुसरी मंडई. कोटात शेवटचा टाका तिचा होता. दोरीतली शेवटची गाठही.

आणि मला तेव्हा अचानक घरची बाज आठवली. पावसात भिजली की दोरी आटते, बाज टणक होते. आमच्याकडे लेकरांनाही हे माहीत असतं.

"काकाजी!" मी फोनमध्ये ओरडलो. "तुम्ही फुगले नव्हते! तलावात पडले तेव्हा दोरी भिजली ना. आटली ती!"

त्यांनी कमरेची दोरी काढून हातावर घेतली. तिच्या गाठीवरून अंगठा फिरवला. मग मान हलवली.

"दुर्गीची दोरी खोटं नाही बोलत, रव्या," ते म्हणाले. "मीच कमीजास्त झालो असन."

मग कोट उतरवून ते पेटीपाशी बसले. कडुलिंबाचा पाला बाजूला सारून तळातून त्यांनी दुर्गाकाकीचं एक हिरवं लुगडं काढलं. सुनीताचा फोन धरलेला हात खाली गेला. मला नुसती अंगणातली माती दिसत होती आणि लोकांची पावलं. फोन पुन्हा वर आला तेव्हा काकाजी लुगडं पोटाभोवती गुंडाळत होते, एकावर एक, हळूहळू, घडी मोडू न देता. वरून कोट घातला. एकेक बटण लावलं. मखमल छान ताठ बसली. एकही चुणी नाही.

त्यांनी पोटावरून हात फिरवला. फोन जवळ होता म्हणून मला ऐकू आलं.

"आता बरोबर. आता दोघं मावलो."

सरपंचाच्या पुतण्याने शेरवानीची पिशवी बंद केली आणि स्वतःच पुढे होऊन महाराजांची कॉलर सरळ केली. मग काकाजी फोनकडे वळले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात गरजले, "भालदार कुठी मेला बे आमचा? बोल ना तुझं वाक्य!"

मेस भरलेली होती. सुपरवायझर समोरच डाळभात खात होता. मी उठलो, ताठ उभा राहिलो, हातात नसलेला भाला धरला आणि बोडीच्या पल्याड ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडलो, "महाराजांचा विजय असो!"

मेसमधली सगळी माणसं ताटावरून उठून उभी राहिली. सुपरवायझरसुद्धा.