कुलगुरूंचा कोट आणि शिल्पाश्रीचा पेपर

"आपल्या विद्यापीठाची वेबसाइट आता दृष्टिहीन मुलांशी चक्क बोलणार!" बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या घरातून निघताना, विद्यापीठाची वेबसाइट सांभाळणाऱ्या उमाकांतनी बायकोला ऐकवलं.

"बोलेल हो," शुभदा म्हणाली, "पण कामाचं बोलेल का?"

उमाकांतनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं. साल होतं १९९९, आणि घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस एकच, असा त्यांचा समज होता.

योजना साधी होती. पडद्यावरचा मजकूर यंत्र मोठ्यानं वाचणार. फोटो मात्र त्याला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक फोटोमागे चार शब्दांचं वर्णन लिहायचं. पण विद्यापीठात चार शब्दांत कधी कुणाचं भागलंय? कुलगुरू सुब्बारावांचं वर्णन पानभर झालं. ते ऐकून कुलसचिव धावत आले.

"माझ्या फोटोत प्रसन्न हास्य घाला."

"सर, फोटोत तुम्ही रागावलेले दिसता."

"ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच लिहिताय ना? मग घाला!"

पाठोपाठ विभागप्रमुखांची रांग लागली. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी तर मागच्या कुंडीतल्या रोपाचंही लॅटिन नाव घालायला लावलं!

उद्घाटनाला बोलावलं शिल्पाश्रीला. इतिहासाची एम.ए.ची विद्यार्थिनी, दृष्टिहीन आणि जिभेची तिखट. परीक्षेचं सुधारित वेळापत्रक आदल्या संध्याकाळीच सूचनाफलकावर आणि वेबसाइटवर लागलं होतं.

"दर वेळी पेपर कधी म्हणून दहा जणांना विचारते सर," ती म्हणाली. "आज माझा मला कळला पाहिजे."

यंत्र सुरू झालं. "माननीय कुलगुरू, सुवर्णपदक विजेते, करड्या कोटात, तेजस्वी मुद्रेनं..." सुब्बाराव खुलले. दुसऱ्या पानावर पुन्हा कोट. तिसऱ्यावर पुन्हा कोट! फोटो प्रत्येक पानावर होता ना!

"सर, कोटाची शिलाईसुद्धा पाठ झाली. पेपर कधी आहे?"

अखेर ते पान आलं. यंत्र म्हणालं, "सुधारित वेळापत्रक. कुलसचिवांच्या सहीनं शोभिवंत." आणि गप्प!

सही-शिक्का दिसायला हवा, म्हणून वेळापत्रकाचाही फोटोच चढवला होता! उमाकांत घाईनं पडद्याकडे सरसावले.

"मी... मी वाचून दाखवतो."

"नको सर. यंत्रच सांगू दे."

सुब्बाराव पोट धरून हसले. "उमाकांत, माझा कोट उतरवा आणि वेळापत्रक टाइप करा. बेग, बेग! लवकर!"

उमाकांतनी कीबोर्ड बडवत टाइप केलं. यंत्र बोललं, "इतिहास. आज, दुपारी दोन वाजता."

"अय्यो! आज?"

मग काय, कुलगुरूंची गाडी! वाटेत वसतिगृहातून शिल्पाश्रीची उत्तरं लिहून देणाऱ्या लेखनिक मुलीला उचललं, आणि धापा टाकत सगळे परीक्षेच्या हॉलमध्ये शिरले. हॉल रिकामा! पर्यवेक्षक गिरीधर एकटेच वारा घेत बसलेले.

"कुणीच आलं नाही," ते म्हणाले. "बदललेलं वेळापत्रक एकानंही वाचलेलं दिसत नाही. एकटीचा पेपर कसा घेऊ?"

"म्हणजे सर," शिल्पाश्री खुदकन हसली, "सूचनाफलक न दिसणारी वर्गात मी एकटीच नाही!"

कुलगुरूंनी हसत मान डोलावताच गिरीधरनी तिथल्या तिथे खडू घेतला आणि हॉलच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'इतिहासाचा पेपर पुढे ढकलला आहे. नवी तारीख शिल्पाश्रीला विचारावी.'